कुळाबाहेरचा

आमचा आश्रयाचा दावा फेटाळला हे कळलं त्या दिवशी मी सकाळची पाळी करून घरी आलो होतो. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये मार्च संपत आला होता आणि रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडला होता. वकीलबाईंनी फोनवर काही सांगितलं नाही. दोघंही या, एवढंच म्हणाल्या. त्यावरून मला समजायला हवं होतं. पण मी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. मशरूमच्या शेडमध्ये काम केलं की अंगाला ओल्या खताचा वास राहतो, आणि चांगली बातमी असली तर तसं जाऊ नये, असं मला वाटलं.

वकीलबाईंचं नाव अगाथा वीबे. बाई गोऱ्या, पण जन्म मेक्सिकोतल्या शेतावरचा, त्यामुळं स्पॅनिश आमच्याइतकंच सहज बोलतात. त्यांनी माझ्या मुलीला, माइलेथला, खुर्ची दिली, मला दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"नाही म्हणालेत," त्या म्हणाल्या. "दोघांनाही."

माइलेथ तेव्हा सोळा वर्षांची होती. तिनं कारण विचारलं. बाईंनी निकाल वाचून दाखवला, सावकाश, स्पॅनिशमध्ये करत करत.

कारण मी होतो. सुनावणीच्या साहेबांनी लिहिलं होतं की दावेदाराला त्याच्या पत्नीचं नाव चार वेळा विचारलं. चारही वेळा तो टेबलाकडे बघत राहिला आणि 'हिची आई' एवढंच म्हणाला. बायकोचा खून झाला म्हणून देश सोडला असं सांगणाऱ्या माणसाला बायकोचं नाव घेता येत नाही, हे पटण्यासारखं नाही. मुलीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून दुसऱ्याच बाईचं नाव आहे. मारल्या गेलेल्या बाईचं कुटुंब हा कायद्यानं संरक्षण द्यावं असा सामाजिक गट होऊ शकतो, हे साहेबांनी मानलं होतं. पण आम्ही दोघं त्या गटातले आहोत, हे त्यांना पटलं नव्हतं.

"नेमेसिओ," वीबेबाई म्हणाल्या, "एक नाव सांगायचं होतं. फॉर्ममध्ये मी ते लिहिलंय. तुम्ही मान हलवलीत तेव्हा. मग तिथं काय झालं?"

"हिच्यासमोर?" मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही. माइलेथ खिडकीकडे बघायला लागली.

मग मी सांगितलं. आम्ही कोलंबियातल्या ला ग्वाहिराचे वायुऊ, तिथले मूळचे लोक. आमच्यात मेलेल्याचं नाव त्याच्या रक्ताच्या माणसांसमोर कुणी घेत नाही. घेतलं तर तो घाव घातल्यासारखाच गुन्हा. भरपाई द्यावी लागते, नाहीतर दोन घरांत वैर होतं. आणि मूल आईच्या कुळाचं असतं. माझी बायको उरियाना कुळाची, म्हणून माइलेथ उरियाना. मी इपुआना. सुनावणीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर मेलेलीचं सगळ्यात जवळचं माणूस बसलं होतं, आणि साहेब मला तिच्या तोंडावर ते नाव घ्या म्हणत होते.

"मग मुलीला बाहेर पाठवा, असं म्हणायचं की."

"असं म्हणता येतं?"

आमच्याकडे न्यायाधीशाला कुणी काही सांगत नाही. सांगणाऱ्यालाच बाहेर काढतात. वीबेबाई खाली बसल्या. मग जन्मदाखल्याचं विचारलं. ते सोपं होतं. नोंदणीची गाडी वाळूतून दोन-तीन वर्षांतून एकदा यायची. ती आली तेव्हा माझी बायको विहिरीवर गेली होती, पोर मावशीच्या कडेवर होतं. कारकुनानं विचारलं, आई कोण. मावशी म्हणाली, मी. ती खोटं बोलली नाही. आमच्यात आईची बहीण आईच असते.

"हे सगळं तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

यात सांगण्यासारखं काही आहे, हेच मला माहीत नव्हतं.

घरी आलो तर वरच्या खोलीतला अर्गेमिरो जिन्यात वाट बघत होता. तो आमच्याच देशातल्या बारांक्वियाचा, शेडमध्ये माझ्याच रांगेत काम करतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गाववाले, माझी पहिली बायको जिवंत आहे आणि तिचं नाव मी दहा वर्षांत घेतलं नाही. मला तर नागरिकत्वच द्यायला हवं." माइलेथ हसली. तिला हसवायलाच तो बोलला होता. मग त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की आता परत पाठवतील का. मी म्हटलं, अपील आहे. त्याच्या भावाचं अपील फेटाळलेलं त्यानं पाहिलं होतं.

परत पाठवलं तर काय होईल, हे आम्हाला माहीत होतं. खाणीसाठी आमचा ओढा वळवायचा होता. बैठकीला आलेल्या खाणीच्या लोकांसमोर माझी बायको उभी राहिली आणि हे पाणी उरियानांचं आहे, असं म्हणाली. प्रत्येक बैठकीत म्हणाली. आमच्यात बायका बोलतात, त्यात नवल नाही. पण ते लोक आमच्यातले नव्हते. मोटारसायकलवरून दोघं आले, दुपारी, ती गुरांना पाणी पाजत होती तेव्हा. मी गेलो तेव्हा पोहऱ्याचा दोर तिच्या हाताला गुंडाळलेला होता आणि शेळ्या तिच्या अंगावरून चालत हौदाकडे जात होत्या. दफन झालं त्या आठवड्यात तिच्या भावाच्या फोनवर निरोप आला. उरियानांना मुळासकट उपटू, पोरीपासून सुरुवात करू. पुढच्या महिन्यात तिचा चुलतभाऊ गेला. मी पोरीला घेऊन निघालो.

वीबेबाईंनी अपील दाखल केलं. त्यांनी समजावलं की अपिलात बहुतेक वेळा नुसते कागद वाचतात, माणसाला बोलावत नाहीत. आपल्याला नवा पुरावा द्यायचा आहे, इतका भक्कम की त्यांनी तुम्हाला पुन्हा ऐकलंच पाहिजे. बोगोटातल्या एका प्राध्यापकांकडून त्यांनी आमच्या रीतीबद्दल लिहून मागवलं. आणि मला म्हणाल्या, बायकोच्या घरचं कुणीतरी हवं. मेलेली आपली कोण आणि ही मुलगी कुणाची, हे शपथेवर सांगणारं.

म्हणजे मामा. एलिसेओ, माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आमच्यात मुलांवर बापापेक्षा मामाचा शब्द चालतो. पण त्याला फोन करून हे मागायचं म्हणजे त्याच्याच तोंडावर त्याच्या मेलेल्या बहिणीची गोष्ट काढायची. मी दोन रविवार टाळलं. तिसऱ्या रविवारी केला. त्याला रेंज मिळायला टेकडीवर यावं लागतं. मागं वारा ऐकू येत होता.

"बोला पाहुणे," तो म्हणाला. "थंडीनं मेला नाहीत अजून?"

मी सगळं सांगितलं. नाव न घेता सांगितलं.

"म्हणजे मी कचेरीत जायचं आणि परक्या माणसासमोर माझ्या बहिणीचं नाव सांगायचं."

"हो."

"आणि तुम्ही पण घेणार."

"घ्यावं लागेल."

"मग मला तुमच्या भावांकडे शब्द नेणारा माणूस पाठवावा लागेल. भरपाई मागायला. रीत आहे."

"पाठवा."

"पाठवतो कसला. एवढ्या लांबून नाव घेतलं म्हणून शेळ्या मागितल्या तर तुमचे भाऊ मला वेड्यात काढतील." मग तो म्हणाला, "पोरगी आमची आहे. तिच्यासाठी सही देतो. तुमच्यासाठी देत नाही, पाहुणे. राग मानू नका."

"राग कसला."

"आणि ते बोलाल तेव्हा तिला खोलीत ठेवू नका."

तो रिओहाचाच्या कचेरीत गेला आणि शपथेवर लिहून दिलं. आलेला कागद वीबेबाईंनी मला वाचून दाखवला. नाव आलं तिथं त्या थांबल्या आणि बोटानं दाखवून पुढं गेल्या. आमची रीत त्या आता शिकल्या होत्या. एलिसेओनं सगळं नीट सांगितलं होतं. माइलेथ त्याच्या बहिणीची मुलगी, दाखल्यावर मावशीचं नाव कसं आलं, धमकीचा निरोप कुणाच्या फोनवर आला. प्राध्यापकांनीही बारा पानं लिहिली होती. मूल आईच्या कुळाचं, वैर आईच्या कुळावर येतं, नवरा हा घरचा पाहुणा, त्याचं कूळ वेगळं. वीबेबाई खूश होत्या. आता आपल्याला बोलावतील, म्हणाल्या. मीही खूश होतो. आमच्याबद्दल कुणीतरी एकदाचं खरं लिहिलं, असं वाटलं.

सप्टेंबरात बोलावलं. सुनावणी पडद्यावर होती, वीबेबाईंच्या ऑफिसातूनच. पडद्यावर एका चौकोनात निकाल देणाऱ्या बाई, वयस्कर, चष्मा दोरीला बांधलेला. दुसऱ्या चौकोनात दुभाषा. वीबेबाईंनी सुरुवातीलाच विनंती केली की वडील पत्नीबद्दल बोलतील तेवढा वेळ मुलीला बाहेर बसू द्यावं.

"अर्थात," त्या बाई म्हणाल्या.

एवढंच होतं. माइलेथ उठली आणि दार ओढून घेऊन बाहेर गेली.

मी नाव घेतलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडात ते जड आलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा हळू. दुभाषाला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा घ्यावं लागलं. मग दुभाषानं घेतलं. पडद्यावरच्या बाईंनी खुनाच्या बातमीचं कात्रण बघून ते घेतलं आणि बरोबर का, असं विचारलं. वीबेबाईंना खुलासा करताना घ्यावं लागलं. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी एकामागून एक तिचं नाव घेतलं, आणि मी टेबलाची कड धरून बसलो. त्यांचं काही चुकत नव्हतं. सगळे सभ्यपणानं बोलत होते.

पुढच्या प्रश्नांसाठी माइलेथला आत बोलावलं. निकाल देणाऱ्या बाईंनी एलिसेओचा आणि प्राध्यापकांचा कागद नीट वाचला होता. त्यांनी मला विचारलं, "तुमची मुलगी उरियाना कुळाची. तुम्ही स्वतः?"

"इपुआना."

"लग्नानंतर नवरा बायकोच्या कुळात जातो का?"

माझ्या शेजारी वीबेबाईंचं पेन थांबलेलं मला दिसलं. हा प्रश्न कुठं जातोय हे त्यांना कळलं होतं. मलाही थोडं कळलं होतं. पण मुलगी शेजारी बसली होती. तिच्या आईचं कूळ ते तिचं. त्यात मीही आहे असं तिच्यासमोर म्हणायचं, म्हणजे मेलेलीच्या घरात तिच्या माघारी घुसून बसायचं. शिवाय एलिसेओच्या आणि प्राध्यापकांच्या कागदांतून मी त्या कुळाचा नाही हे दिसतच होतं.

"नाही," मी म्हणालो. "मी त्यांच्या घरचा पाहुणा."

"कुळावर वैर आलं तर ते नवऱ्यावर येतं का?"

"रीतीप्रमाणं नाही. नवरा आपल्या आईच्या माणसांकडे परत जाऊ शकतो."

वीबेबाईंनी लगेच विचारलं, "पण ते मारेकरी वायुऊ होते का?"

"नाही."

"मग ते तुमची रीत पाळतील?"

"ते कशाला पाळतील?"

"तुम्हाला कुणी धमकी दिली होती?" निकाल देणाऱ्या बाईंनी विचारलं. "तुमच्या नावानं?"

मी आठवून पाहिलं. निरोपात उरियाना होते आणि पोरगी होती. माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. तसं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि आभार मानले.

बसस्टॉपवर माइलेथ पाटीवर बसची वेळ बघून आली. मग म्हणाली, "भिंत पातळ आहे तिथली."

"किती ऐकू आलं?"

"सगळ्यांनी घेतलेलं." तिनं टोपी कानांवर ओढली. "बाबा, मग माझी बकरी कुठाय?"

"कसली बकरी?"

"नाव घेतलंत. भरपाई लागते. मामा मागणार नाही, पण मी उरियाना आहे, मी मागू शकते. आणि तुम्ही धरून चौघांनी घेतलं. चार बकऱ्या झाल्या."

"इतरांच्या मी का देऊ?"

"ते तुमचे पाहुणे होते."

त्या रविवारी मी बार्टन रस्त्यावरच्या पाकिस्तानी खाटकाकडून बकरीचं मांस आणलं, आतड्यांसकट, आणि फ्रिचे केलं, म्हणजे सगळं बारीक कापून तिच्याच चरबीत तळलं. खिडक्या उघडल्या तरी घरभर धूर झाला आणि वरून अर्गेमिरो ताट घेऊनच खाली आला. भरपाईचं जेवण आहे, हे ऐकल्यावर तो म्हणाला, आणखी कुणाकुणाची नावं घ्यायची आहेत ती सांगा, मी यादी देतो. माइलेथनं दोनदा वाढून घेतलं. ती आणि मी असं एकत्र बसून जेवलो नव्हतो, तिची आई गेल्यापासून.

निकाल नोव्हेंबरात आला. वीबेबाई या वेळीही फोनवर बोलल्या नाहीत. मी शर्ट बदलला नाही.

माइलेथचा दावा मंजूर झाला होता. मारली गेलेली बाई तिची आई होती, हे मान्य झालं. नाव न घेण्याचं कारणही पूर्ण मान्य झालं. माझा साक्षीदार म्हणून खरेपणा, असं काहीतरी दोन ओळींत लिहिलं होतं, चांगलं लिहिलं होतं. पण ज्या गटाला धोका आहे तो गट म्हणजे मेलेलीचं आईकडून आलेलं कूळ. दावेदार स्वतःच्याच सांगण्याप्रमाणं त्या कुळाचा नाही. त्याला कुणी वेगळी धमकी दिलेली नाही. त्याच्या आईच्या माणसांकडे तो राहू शकतो, असं तोच म्हणाला आहे. माझं अपील फेटाळलं होतं.

"त्या प्राध्यापकांचं पत्र मी मागवलं," वीबेबाई म्हणाल्या. "मी."

"त्यात खोटं काही नव्हतं," मी म्हणालो.

"तुम्हाला हे इतकं शांतपणे कसं घेता येतं?"

मी शांत नव्हतो. मला फक्त पोरीचं मंजूर झालं ते पुन्हा एकदा वाचून हवं होतं. त्यांनी वाचलं.

घरात आल्यावर माइलेथ कोट न काढता खाटेवर बसली. "आहे म्हणायचं होतं," ती म्हणाली. "मी उरियाना आहे, असं म्हणायचं होतं. त्या बाईला काय कळणार होतं?"

"तुला कळलं असतं."

"मला चाललं असतं."

"मामाला?"

"मामा इथं राहतो का?" ती म्हणाली. "मामा मला सकाळी उठवतो का?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, बुटांसकट. मी बूट काढले.

मुलीला आश्रय मिळाला म्हणून बापाला मिळत नाही. इथल्या कायद्यात लहान मुलाला आपल्या कागदांत आई-बापाला घालता येत नाही. उलटं असतं तर चाललं असतं. मला मिळालं असतं तर तिला आपोआप घालता आलं असतं. वीबेबाईंनी वरच्या कोर्टात अर्ज केला आहे. तो लागेपर्यंत मला नेणार नाहीत. अर्ज ऐकायचा की नाही, हेच अजून त्यांनी ठरवलेलं नाही. अर्गेमिरोनं आपणहून सांगितलं की मला नेलं तर माइलेथ त्याच्याकडे वर राहील, आणि या वेळी त्यानं त्यावर विनोद केला नाही.

गेल्या महिन्यात एलिसेओचा फोन आला. वारा होताच. त्यानं माइलेथची चौकशी केली, शाळेचं विचारलं. निकालाचं त्याला माझ्याकडून कळलं होतं. त्याबद्दल तो म्हणाला, "माझ्या कागदानं तुमचं नुकसान झालं, पाहुणे." मी म्हटलं, पोरीचं काम झालं, त्यासाठीच तर तो होता.

मग त्यानं मूळ गोष्ट काढली. बहिणीला मातीत ठेवून पुरेशी वर्षं झाली. आता कबर उघडायची, हाडं वर काढायची, स्वच्छ करून मडक्यात भरायची आणि कुळाच्या जागेत नेऊन ठेवायची. तोवर मेलेलं माणूस धड जात नाही, आसपास राहतं. हे काम त्याच कुळाची बाई करते. मावशीला विचारलं तर तिनं साफ सांगितलं, मुलगी जिवंत असताना मी हात लावणार नाही.

"पोरीला पाठवाल का?" त्यानं विचारलं. "काम झालं की लगेच परत."

मी वीबेबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ज्या देशात जिवाला धोका आहे म्हणून आश्रय घेतला, तिथं ती स्वतःहून गेली तर मिळालेलं जाऊ शकतं. आणि मोटारसायकलवरच्या त्या दोघांना अजून कुणी पकडलेलं नाही. तेव्हा माइलेथ जाऊ शकत नाही. मी जाऊ शकतो, कदाचित मला तिथं पोचवतीलही. पण मी इपुआना आहे, मला त्या हाडांना हात लावता येत नाही.

एलिसेओला मी थांबायला सांगितलं आहे. माझी बायको अजून पहिल्याच कबरीत आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला, आणि तिची हाडं उचलायची राहिली आहेत.